आत्यासाठी छोटा कॅमेरा: आधी रॉ फाइल उघडून बघितली, मग कॅमेरा घेतला

"कॉम्पॅक्ट कॅमेरा कुठला घेऊ" असं कुणी विचारलं की लोक लगेच एखाद्या मॉडेलचं नाव सांगून मोकळे होतात. घेणाऱ्याला नेमकं काय काढायचंय, कुठल्या उजेडात काढायचंय आणि काढलेल्या फायलींचं तो पुढे काय करणारे, हे कुणी विचारतच नाही. आत्याच्या बाबतीत असं करून चाललंच नसतं, म्हणून तिच्या कॅमेऱ्याचं प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतोय.

आत्या एका हौशी नाटक ग्रुपचे फोटो काढते, म्हणजे पहिल्या वाचनापासून प्रयोगापर्यंत सगळं तीच टिपते. तिच्याकडे एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा डीएसएलआर होता आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स. हल्ली मनगट दुखायला लागलं, तासभर कॅमेरा डोळ्याला लावून बसणं होईना. फोनवर काढून बघितलं तर फोनने नॉइज (अंधारातल्या फोटोत येणारे दाणे) घालवायच्या नादात चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि मेकअपच्या रेघा सगळं पुसून टाकलं, आणि नाटकात तर तेच बघायचं असतं. मला म्हणाली, "अरे, हलका हवा, खटखट आवाज नको, अंधारात चेहरा ओळखू यायला हवा आणि मागच्या रांगेतल्यांच्या डोळ्यात स्क्रीनचा उजेड जायला नको. एवढं बघ." मी म्हटलं आत्या, तू तुझे जुने फोटो दे, मग बघतो.

जुने फोटो मागायचं कारण असं की माणूस कुठली फोकल लेंग्थ (लेन्स दूरचं किती जवळ आणते त्याचा मिलिमीटरमधला आकडा) वापरतो ते त्याला स्वतःला आठवत नाही, फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलमध्येच नोंदलेल्या सेटिंगच्या माहितीत, मात्र ते लिहिलेलं असतं. एक्झिफटूल नावाचं फुकट साधन आहे, त्याने अख्ख्या फोल्डरची फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर, शटर (किती वेळ उजेड घेतला) आणि आयएसओ (उजेडाचा सिग्नल किती वाढवला) एका यादीत काढता येतात. यादी बघितली तर आत्याचे बरेचसे फोटो ३५ च्या पुढचे आणि त्यातही खूप सारे थेट ५५ वर, म्हणजे झूम जिथे संपतो तिथेच. ५५ गुणिले १.५ म्हणजे फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशोबात साधारण ८२; पुढे कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांच्या फोकल लेंग्थ याच हिशोबात दिल्यात. तिला त्याच्याही पुढे जायचं होतं पण लेन्स जाऊ देत नव्हती. वाइड बाजू ती जवळजवळ वापरतच नव्हती, अपवाद म्हणजे शेवटचा ग्रुप फोटो. दुसरं दिसलं ते असं की ५५ वर किट लेन्स एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (अ‍ॅपर्चर म्हणजे हेच उघडणं, एफचा आकडा जेवढा छोटा तेवढा उजेड जास्त), त्यामुळे शटर १/१२५ ठेवलं की आयएसओ ६४०० वर आणि तरीही फोटो अंधारलेले.

ही यादी हाताशी आली आणि निम्मे कॅमेरे आपोआप गळाले. रिको जीआर ३ मला स्वतःला फार आवडतो, एवढ्याशा देहात एपीएस-सी सेन्सर आणि रॉ (सेन्सरने टिपलेला कच्चा डेटा) थेट डीएनजी या सर्रास चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये, पण लेन्स एकच, २८ ची, आणि आत्याला हवं त्याच्या अगदी उलटं. फुजीच्या एक्स१०० मालिकेतले ३५ वर अडकलेले, तेही गेले. मग उरले झूमवाले: सोनी आरएक्स१०० मालिका, कॅनन जी७ एक्स मार्क २ (या दोन्हींत एक इंची सेन्सर), पॅनासॉनिक एलएक्स१००.

आता "एक इंची सेन्सर म्हणजे डीएसएलआरपेक्षा छोटा, म्हणजे अंधारात मार खाणार" हे वाक्य सर्रास ऐकू येतं, पण इथे थोडं गणित करणं भाग आहे. एक इंची सेन्सर (इंच नावापुरताच) १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर, एपीएस-सी साधारण ३६८, तिपटीहून जास्त. म्हणजे क्षेत्रफळात छोट्याचा तोटा साधारण पावणेदोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेडाचा दुपटीचा फरक). पण कॅननची लेन्स १०० ला सुद्धा एफ/२.८ आहे आणि आत्याची किट लेन्स ८२ ला एफ/५.६, म्हणजे इथे पूर्ण दोन स्टॉप फायदा. बेरीज वजाबाकी केली की छोटा कॅमेरा किंचित पुढेच निघतो. याउलट आरएक्स१०० मार्क ६ घेतला तर झूम २०० पर्यंत जातो पण टोकाला एफ/४.५ होतो, मग फुल फ्रेमच्या हिशोबात तो एफ/१२ च्या आसपास येतो आणि रंगमंचाच्या उजेडात ते परवडत नाही. त्यामुळे सेन्सर केवढा आहे हे विचारताना त्या झूमवर लेन्स किती उघडते हेही लगेच विचारायचं, एकट्या सेन्सरवरून काहीच ठरत नाही.

मग चुरस उरली तिघांत. जी७ एक्स मार्क २ ला २४-१०० एफ/१.८-२.८, वजन ३१९ ग्रॅम, पण व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. आरएक्स१०० मार्क ३ ला वर येणारा व्ह्यूफाइंडर, वजन फक्त २९० ग्रॅम, पण झूम ७० ला संपतो. एलएक्स१०० ला व्ह्यूफाइंडर अंगातच, २४-७५ एफ/१.७-२.८, फोर थर्ड्स सेन्सर (एक इंचीपेक्षा मोठा), पण ३९३ ग्रॅम आणि लेन्स पुढे आलेली, खिशात काही मावत नाही. कागदावर कॅनन जिंकत होता कारण १०० पर्यंत जातो. पण अंधाऱ्या हॉलमध्ये स्क्रीन चालू ठेवून बसणं म्हणजे मागच्या तीन रांगांचा रसभंग, आणि नाटकवाल्या बाईला ते स्वतःलाच सहन होणार नव्हतं. तिने एका वाक्यात कॅननला रामराम केला.

सोनीचा झूम ७० लाच संपतो आणि सेन्सरही छोटा, म्हणून मन एलएक्स१०० कडे झुकलं. राहिला ७५ विरुद्ध १०० चा प्रश्न. एलएक्स१०० चे फोटो जास्तीत जास्त १२.८ मेगापिक्सेलचे असतात (सेन्सर १६ चा आहे पण वेगवेगळ्या लांबी-रुंदीच्या प्रमाणांसाठी पूर्ण वापरला जात नाही). ७५ वर काढलेला फोटो १०० इतका कापला तर क्षेत्रफळ १.७८ पटीने घटतं, म्हणजे ७ मेगापिक्सेलच्या थोडं वर उरतात, एफोर आकाराच्या प्रिंटला पुरेसे. आणि त्याचा मूळ सेन्सर मोठा असल्यामुळे कापल्यानंतरही नॉइजच्या बाबतीत तो कॅननच्या १०० च्या जवळपासच राहतो. म्हणजे काही हातचं सुटत नव्हतं. एलएक्स१०० २०१४ चा, त्याची मार्क २ आवृत्ती २०१८ ला आली, तिच्यात १७ मेगापिक्सेल आणि टचस्क्रीन आहे. पण वापरलेला आणि नीट राखलेला कॅमेरा मिळत होता तो पहिलाच, आणि तिच्या कामाला लेन्स महत्त्वाची, ती दोन्हीकडे तीच.

एवढं ठरलं तरी कॅमेरा लगेच घेतला नाही. आधी एलएक्स१०० आणि आरएक्स१०० मार्क ३ च्या आयएसओ ३२०० च्या नमुना रॉ फाइल्स उतरवल्या (डीपीरिव्ह्यू या कॅमेऱ्यांच्या परीक्षणाच्या साइटवर, स्टुडिओ सीनमध्ये मिळतात) आणि आत्याच्याच लॅपटॉपवर, तिच्याच डार्कटेबल या रॉ फाइलींच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. आपला कॉम्प्युटर ती फाइल उघडतो का, किती वेळात उघडतो, आयएसओ ३२०० चा नॉइज आपल्या डोळ्याला सहन होतो का, सावल्या दोन स्टॉप उचलल्यावर काय होतं, हे सगळं कॅमेरा हातात नसतानाच कळतं. सॉफ्टवेअर जुनं असेल आणि कॅमेरा नवा, तर बऱ्याचदा फाइल उघडतच नाही. मग एक तर सॉफ्टवेअर अपडेट करा नाहीतर अ‍ॅडोबीच्या फुकट डीएनजी कन्व्हर्टरमधून फाइल डीएनजी करून घ्या, हा फॉरमॅट २००४ पासून आहे आणि बहुतेक सगळीकडे चालतो. पण हे खरेदीच्या आधी माहीत असलेलं बरं.

तिथे एक गंमत झाली. मी वाइड टोकाची एक फाइल लेन्स करेक्शन बंद ठेवून उघडली. आत्या म्हणाली, "ही फाइल खराब आहे का रे? भिंत फुगलीये बघ." फाइल धडधाकट होती. छोट्या कॅमेऱ्यांच्या झूम लेन्स बनवतानाच गृहीत धरलेलं असतं की वाइड टोकाला जो फुगवटा येईल तो सॉफ्टवेअर सरळ करेल, नाहीतर लेन्स एवढी छोटी आणि एवढी उघडणारी बनूच शकत नाही. कॅमेऱ्यातला जेपेग सरळ झालेला असतो, अ‍ॅडोबीचं लाइटरूम पण गुपचूप सरळ करूनच दाखवतं, उघडी फाइल बघायला मिळते ती डार्कटेबलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये. करेक्शन चालू केलं, भिंत सरळ झाली, कडेचा थोडा भाग कापला गेला. तो कापला जातो हे लक्षात ठेवायचं, ग्रुप फोटोत टोकाचा माणूस अगदी कडेला उभा करायचा नाही.

वापरलेला कॅमेरा घेताना दोन चाचण्या केल्या आणि दोन्ही रॉमध्ये. एफ/१६ वर कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो, फोकस बिघडवून, म्हणजे सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतात. लेन्स निघत नसलेल्या कॅमेऱ्यात ती धूळ आपल्याला घरी काढता येत नाही, म्हणून हे आधीच बघायचं. आणि लेन्स झाकून काही सेकंदांचा फोटो, त्यात चकाकणारे हॉट पिक्सेल दिसतात, थोडे असतातच आणि सॉफ्टवेअर ते झाकतं, पण झुबके दिसले तर कॅमेरा सोडून द्यायचा. दोन्ही ठीक निघाल्या.

आता सेटिंग. फोकसला मदत करणारा दिवा बंद, बीप बंद, काढल्यावर फोटो दाखवणं बंद. शटरचं मात्र सांगायला हवं. आवाज नको म्हणून लोक इलेक्ट्रॉनिक शटर लावतात, आणि ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात कारण ते शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं आणि तेवढ्यात दिवा मिचमिचून जातो. या कॅमेऱ्यांच्या लेन्समध्येच लीफ शटर (छोट्या पात्यांचं मेकॅनिकल शटर) असतं आणि त्याचा आवाज मुळात इतका बारीक की दोन खुर्च्या सोडून ऐकू येत नाही. म्हणून मेकॅनिकलवरच ठेवलं. तालमीच्या खोलीत ट्यूब असतील तर शटर १/१०० किंवा १/५०, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. जिथे वीज ६० हर्ट्झची तिथे १/१२० किंवा १/६०. हे पाळलं नाही तर एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसरा हिरवट असं होतं आणि मग रॉमध्ये एकेक दुरुस्त करत बसावं लागतं.

व्हाइट बॅलन्स (कुठल्या उजेडाला पांढरं धरायचं ते सेटिंग) ऑटोवर ठेवायचा नाही हे आत्याला पटायला वेळ लागला. तिचं म्हणणं, रॉमध्ये तर नंतर बदलता येतो ना, मग काय फरक पडतो? डेटाला फरक पडत नाही हे खरंच. पण कॅमेऱ्याची स्क्रीन आणि हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) जेपेगवरून बनतात, ऑटोमध्ये ते दर फोटोला वेगळं सांगतात, आणि घरी आल्यावर एका फोटोचं सेटिंग दुसऱ्यावर चिकटवलं की रंग जुळत नाहीत. म्हणून अख्ख्या प्रयोगाला एकच केल्विन आकडा (उजेडाच्या रंगाचं माप), मग तो अगदी अचूक नसला तरी चालेल.

एका फोटोचं सविस्तर सांगतो, कारण रॉचा खरा उपयोग तिथे कळला. प्रसंग रात्रीचा, एका बाजूने गडद निळा एलईडी, समोरून मंद पिवळा. कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये नटीचा डावा गाल म्हणजे एक सपाट निळा डाग, नाकाची कड नाही, डोळ्याखालचा खळगा नाही. हिस्टोग्राम मात्र सांगत होता सगळं ठीक, कारण एकरंगी हिस्टोग्राममध्ये निळ्याचं वजन सगळ्यात कमी असतं, निळा चॅनेल काठोकाठ भरला तरी आलेख उजवीकडे पोचत नाही. आत्याला वाटलं फोटो गेला. डार्कटेबलमध्ये रॉ ओव्हरएक्स्पोजरचं चिन्ह लावलं तर कळलं की रॉमध्ये खरोखर क्लिप झालंय (काठोकाठ भरून तपशील गेलाय) ते फक्त कपाळावरच्या एका छोट्या जागी, गाल अख्खा शाबूत. तो सपाट दिसत होता कारण तो निळा एसआरजीबी या जेपेगच्या नेहमीच्या रंगांच्या मर्यादेबाहेरचा होता, जेपेगमध्ये मावतच नव्हता. एक्स्पोजर खाली ओढून असं सुटत नाही, फोटो नुसता काळा होतो. निळ्याचं सॅच्युरेशन तेवढं हळूहळू कमी केलं आणि गालाचा उंचसखलपणा, नाकाची कड, मेकअपची रेघ सगळं वर आलं. रंग निळाच राहिला, पांढरा केला नाही. प्रकाशयोजना करणाऱ्याने विचार करून निळा लावलेला असतो, तो "दुरुस्त" करून चेहरा नॉर्मल करणं मला त्याच्या कामाचा अपमान वाटतो. तेव्हापासून आत्या गडद रंगाच्या प्रसंगात एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवते, सावल्या नंतर उचलते.

पूर्ण लाल उजेडातला एक प्रसंग मात्र रंगीत वाचला नाही, आणि वाचणारही नव्हता. सेन्सरवर रंगीत फिल्टरची जी बायर जाळी असते (कोडॅकच्या ब्राइस बायरने काढलेली, पेटंट १९७६ चं) तिच्यात निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. उजेडच फक्त लाल असेल तर १२.८ पैकी साधारण ३.२ मेगापिक्सेलच्या जागांवर काहीतरी येतं, बाकीच्यांत जवळपास नुसता नॉइज. असा फोटो व्हाइट बॅलन्स ओढून "नैसर्गिक" करायला गेलात तर तोच नॉइज वर काढता. चॅनेल मिक्सरमध्ये फक्त लाल चॅनेल घेतला आणि कृष्णधवल केला, तर स्वच्छ निघाला, जरा मऊ पण स्वच्छ. ग्रुपने तोच पोस्टरला घेतला.

रॉ बद्दल बोलताना १२ बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या आणि जेपेगच्या फक्त २५६ असं सांगायची पद्धत आहे. आकडे खरे आहेत पण तुलना सरळ नाही, जेपेगच्या पायऱ्या गॅमा नावाच्या वक्राने वाकवून सावल्यांकडे जास्त वाटलेल्या असतात. आत्याच्या कामात फायदा झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. कॅमेऱ्याने अजून काहीच ठरवून टाकलेलं नसतं, ना रंग, ना नॉइज किती पुसायचा, ना कुठला निळा कापायचा. कॉम्पॅक्टमध्ये रॉ असणं ही गोष्ट गृहीत धरू नका, कॅननने २००६ च्या जी७ मधून (हा वरचा जी७ एक्स नव्हे) रॉ काढूनच टाकलं होतं आणि २००७ च्या जी९ मध्ये परत दिलं.

घरची पद्धत आता अशी बसलीये. कॅमेरा रॉ अधिक जेपेगवर. ग्रुपला त्याच रात्री फोटो हवे असतात, ते जेपेगच जातात, आणि एखादा फारच बिनसला असेल तर कॅमेऱ्यातच रॉवरून नवा जेपेग बनवता येतो. निवड जेपेग बघूनच करायची, रॉ उघडत बसायचं नाही. हे सांगायचं कारण, जवळजवळ प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात एक छोटा जेपेग असतो, आधी तो दिसतो, मग सॉफ्टवेअर स्वतः फाइल वाचतं आणि फोटो एकदम फिका पडतो, लोक घाबरतात की काहीतरी उडालं. उडालेलं काही नसतं. निवडलेल्यांपैकी एका फोटोवर लेन्स करेक्शन, कॅमेऱ्याच्या प्रोफाइलप्रमाणे डीनॉइज (रंगाचा नॉइज पूर्ण घालवायचा, बारीक दाणा ठेवायचा, नाहीतर परत फोनसारखे चेहरे) आणि व्हाइट बॅलन्स, मग तेच बाकीच्यांवर चिकटवायचं, आणि शेवटी फक्त रंगीत उजेडातले फोटो एकेक हातात घ्यायचे. केलेले बदल रॉ फाइलमध्ये जात नाहीत, शेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाइल तयार होते. दुसऱ्या डिस्कवर फक्त रॉ नेल्या तर सगळी मेहनत मागेच राहते, म्हणून फोल्डर उचलायचं ते अख्खं.

न सुटलेलंही आहेच. एलएक्स१०० ची स्क्रीन वळत नाही, त्यामुळे रंगमंचाच्या काठावरून खालून वर काढायचा फोटो अंदाजानेच काढावा लागतो. शेवटच्या रांगेतून चेहऱ्याचा क्लोजअप मिळत नाही, तेवढा कापला तर काही उरत नाही. त्यावर आत्यानेच तोड काढली. क्लोजअप सगळे रंगीत तालमीला पहिल्या रांगेत बसून काढायचे, उजेड तोच, मेकअप तोच, अडवणारं कुणी नाही, आणि प्रयोगाच्या दिवशी फक्त पूर्ण रंगमंचाचे आणि प्रेक्षकांचे. पडदा पडल्यावरचे ग्रुप फोटो ती सरळ जेपेगवर काढते, त्यात रॉचं काहीच काम नाही.